पुराचुंबकत्व, दक्षिण ट्रॅपमधील
पालघर, बोईसर व तारापूर परिसरातील काळा बेसाल्ट दक्षिण ट्रॅपचा भाग होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातील लोहयुक्त सूक्ष्मकणांनी तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा टिपली. ती टिकणे कणांच्या आकारमानावर व आकारावर अवलंबून असते. लांबट कणाचे चुंबकत्व लांबीच्या दिशेने स्थिरावते, असे स्टोनर व व्होलफार्थ यांनी १९४८ मध्ये दाखविले. अतिसूक्ष्म कण उष्णतेच्या क्षोभाने दिशा गमावतात. किंचित मोठे कण मात्र ती कोट्यवधी वर्षे जपतात, ही उपपत्ती लूई नेएल यांनी १९४९ मध्ये मांडली. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी दक्षिण ट्रॅपच्या नमुन्यांवरून भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याचे दाखविले. त्यामुळे खंडविप्लवाच्या परिकल्पनेस पुष्टी मिळाली.