जन्म, फासे आणि अभ्यास

बुद्धिबळाच्या पटावर शेवटच्या घरी पोचलेल्या प्याद्याची बढती होते, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याने कोणते रूप घ्यावे याचे नियम मात्र बदलत आले. अरबांच्या शतरंजात ते तिरके एकच घर चालणारा दुबळा वजीर होई. आपल्याकडील जुन्या देशी रीतीत ते ज्या मोहऱ्याच्या घरी पोचे, त्याचेच पद घेई. आजच्या आंतरराष्ट्रीय खेळात राजा सोडून खेळणारा म्हणेल ते. सोंगटीची भूमिका ठरवावी कोणी, हा प्रश्न असा जुना आहे. डावपेचांच्या भूमिका-खेळांनी तो गेल्या अर्धशतकात नव्याने मांडला.

या खेळांचे मूळ युद्धखेळांत आहे. १८२४ साली प्रशियात राइस्वित्झ याने लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशा व फासे यांवर चालणारा खेळ सिद्ध केला. त्यात सोंगटी म्हणजे सैन्याची तुकडी. व्यक्तीला स्थान नव्हते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला, तेव्हा तुकडीच्या जागी एकटा माणूस आला आणि त्याला पेशा मिळाला. पेशे तीनच होते : योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपासक. चोराची भर १९७५ साली पडली. मांत्रिकाला चिलखत वर्ज्य आणि शस्त्र खंजिरापुरते. धर्मोपासकाला धारेचे शस्त्र निषिद्ध. ही बंधने सहेतुक होती असे आम्ही मानतो. प्रत्येकजण अपुरा असल्यावाचून सोबत्याची गरज कोणास भासावी?

परंतु निवड पूर्ण मोकळी नव्हती. बळ, बुद्धी आदी सहा गुण तीन फाशांच्या बेरजेने ठरत. शिवाय कुळाचे बंधन होते. बुटक्यांच्या कुळात जन्मलेल्याने योद्धाच व्हावे, आणि तेही सहाव्या पायरीपर्यंतच. मनुष्यकुळाला अशी मर्यादा नव्हती. कुळावरून पेशा व पायरी ठरवणारी ही बंधने २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत गेली.

जपानने या परंपरेला संगणकाच्या पटावर निराळे वळण दिले. १९९० सालच्या 'फायर एम्ब्लेम'मध्ये प्रत्येक शिपायाला नाव आहे, आणि रणात पडलेला शिपाई सहसा परत येत नाही. त्यामुळे कोणाला पुढे धाडावे हा विचार जड होतो. १९९७ साली यासुमी मात्सुनो यांच्या दिग्दर्शनाखाली 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स' निघाला. त्यात सरदाराचा सेवक किंवा औषधे देणारा एवढ्या दोन साध्या पेशांपासून आरंभ होतो; पुढे बहुतेक सर्व पेशे अभ्यासाने खुले होतात. एका पेशात कमावलेली विद्या दुसऱ्यात नेता येते, पण एका वेळी मोजकीच. सारे शिकता आले तरी काय बाळगावे हे निवडावेच लागते.

या खेळाची कथा मात्र नियमांच्या अगदी उलट आहे. रामझा हा उमराव घराण्यातला. त्याच घरी वाढलेला डेलिटा सामान्य कुळातला. डेलिटाची बहीण बंडखोरांच्या हाती सापडते, तेव्हा उमरावांच्या हिशेबी तिच्या प्राणांना मोल नसते आणि ती मारली जाते. पटावर कोणाचेही कुळ विचारले जात नाही; कथेतल्या जगात दुसरे काही विचारलेच जात नाही.

सर्वांत बलवान पेशा कोणता, हा खेळाडूंचा नित्याचा वाद आहे आणि तो रंजकही आहे. पण त्यांना तो वाद घालता येतो, याचे कारण भूमिका जन्माने वा फाशाने ठरलेली नाही. जातिव्यवस्था अनुभवलेल्या आपल्या समाजाला या सवलतीचे मोल निराळे सांगावयास नको. त्या डेलिटाला पटावर ती मिळाली. त्याच्या बहिणीला कथेत मिळाली नाही.