घरखर्चाची जुनी वही आणि टीव्ही

मंडळी, परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना १९७९ सालची घरखर्चाची वही सापडली. अक्षर हिचं. मी फक्त महिनाअखेरीस बेरीज करायचो आणि चेहरा पाडायचो! वाण्याची उधारी, दूधवाला, रॉकेल, आणि मध्येच एक ओळ : 'टीव्ही लायसन ५० रु.' नातवाला दाखवली, तर तो हसतच सुटला. "आजोबा, टीव्ही बघायला लायसन?"

होय बाबा. रेडिओचं वर्षाला पंधरा रुपये आणि टीव्हीचं पन्नास. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, लायसनच्या पुस्तकावर तिकीट चिकटवून घ्यायचं. निरीक्षक घरी येऊन तपासूही शकत असे. १९८४-८५ च्या सुमारास ही पद्धत बंद झाली. त्यानंतर टीव्ही 'फुकट' झाला असं आम्हाला वाटलं. फुकट कसला! दूरदर्शनवर १९७६ पासून जाहिराती सुरू झालेल्याच होत्या, आणि उरलेला खर्च सरकार आपल्याच करातून करत होतं. खिसा तोच, फक्त हात दिसेनासा झाला.

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे वही हातात आली की सनावळी मनात सुरू होते. तर टीव्हीच्या खर्चाची ही सनावळी.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं आणि पुण्यात चित्र दिसू लागलं. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत एका वाड्यात राहत होतो. टीव्ही एकट्या मालकांकडे. कौलांवरचा अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभा. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या! मग एकाने वर चढायचं, दुसऱ्याने चौकातून ओरडायचं, "थोडा डावीकडे... आता राहू द्या!" शनिवारी मराठी सिनेमाला वाड्यातली झाडून सगळी मंडळी मालकांच्या माजघरात. बायका येताना घरचं काहीतरी घेऊन यायच्या. एका टीव्हीत नऊ बिऱ्हाडं! खर्च कमी करण्याचा याहून चांगला उपाय मी पुढच्या पन्नास वर्षांत पाहिला नाही. पण तेव्हा त्याला उपाय म्हणत नव्हते, शेजार म्हणत.

आम्ही १९७९ मध्ये स्वतःचा टीव्ही घेतला. चार-पाच महिन्यांचा पगार गेला. वाड्यात मग एकेक करत सगळ्यांकडे टीव्ही आले आणि मालकांचं माजघर रिकामं झालं.

आता गंमत बघा. ज्या केबलच्या बिलाने पुढे सगळ्यांना घाम फोडला, ती केबल मुळात काटकसरीतूनच आली. १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला. पाठोपाठ व्हिडिओ आला. व्हीसीआर आणि कॅसेट भाड्याने आणायची तर परवडेना. तेव्हा मुंबईसारख्या शहरांत कुणीतरी शक्कल लढवली. इमारतीत एकच व्हीसीआर ठेवायचा, घरोघर वायरी टाकायच्या आणि महिन्याला वर्गणी घ्यायची. वाड्यातलं माजघरच जणू, पण प्रत्येकाचं दार बंद! १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध झालं, ते सीएनएनवर लोकांनी थेट पाहिलं. त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, १९९२ च्या ऑक्टोबरात झी. व्हीसीआरच्या वायरींतून आता उपग्रहावरच्या वाहिन्या येऊ लागल्या. आमच्याकडे सुरुवातीला महिना शंभर रुपये होते.

पुढे सरकारलाही ग्राहकाची कणव आली. १९९५ मध्ये केबलचा कायदा झाला. २००६ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली, कोलकाता यांच्या काही भागांत नवी पद्धत लागू झाली. फुकट वाहिन्यांचे जास्तीत जास्त ७७ रुपये, आणि पैसे भरून बघायची वाहिनी हवी तर पाच रुपयांना एक. केबलवाल्याला कंटाळलेल्यांसाठी २००३ पासून खासगी छत्र्या आल्या होत्याच. मग आला सेट टॉप बॉक्स. पुण्यात २०१३ च्या मार्चअखेर तो सक्तीचा झाला. प्रत्येक वेळी सांगितलं एकच, 'आता तुम्ही निवडा, बिल कमी होईल.' आमचं बिल मात्र २०१८ पर्यंत साडेतीनशेवर गेलं होतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी दरपद्धत आली. शंभर वाहिन्यांचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैसे भरून बघायच्या वाहिन्यांचे वेगळे. केबलवाल्याने भलामोठा फॉर्म आणून दिला, प्रत्येक वाहिनीपुढे एक रिकामा चौकोन. माझ्यातला मास्तर जागा झाला. निवृत्तिवेतनात जगणारा माणूस मी, कशाला हवा हा बाजार? फॉर्म खणात टाकला आणि दूरदर्शनची फुकट छत्री बसवून घेतली.

ही डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचे, महिन्याचं बिल शून्य. खासगी वाहिन्याच लिलावात बोली लावून जागेचे पैसे दूरदर्शनला भरतात. उलटी गंगा म्हणा ना! सह्याद्री होती, बातम्या होत्या, जुने सिनेमे होते. मी मित्रांना अभिमानाने सांगत सुटलो. महिन्याला साडेतीनशे, वर्षाला चार हजार दोनशे वाचले!

ही काहीच बोलली नाही. मीही विचारलं नाही.

हिची थोरली बहीण नागपूरला असते. गुडघ्यांमुळे दोघींचं येणं-जाणं थांबलेलं. रोज संध्याकाळी दोघी आपापल्या घरी एकच मालिका बघायच्या आणि ती संपली की फोन. 'त्या सासूला काही लाजच नाही' इथून सुरुवात व्हायची आणि गाडी पोहोचायची भावजयीच्या आजारपणावर, आईच्या जुन्या लुगड्यांवर, कुठे कुठे. अर्धा-पाऊण तास. मी त्या मालिकांची टवाळी करायचो. त्या फोनचा आणि केबलच्या वायरीचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. फोन आला. हिचा आवाज ऐकला, "नाही गं ताई, आमच्याकडे आता नाही दिसत ती. तूच सांग काय झालं ते." दोन मिनिटांत फोन संपला. ती उठली आणि आत जाऊन भाजी निवडत बसली. मी हिशेब करू लागलो, रुपयांचा नव्हे. गेल्या चार महिन्यांत किती फोन असे दोन मिनिटांत संपले असतील?

दुसऱ्या दिवशी खणातला फॉर्म काढून हिच्यापुढे ठेवला. "तू निवड," म्हटलं. तिने चष्मा लावला, सगळी यादी शांतपणे वाचली आणि दोनच चौकोनांत खुणा केल्या. बिल दोनशेच्या आत बसलं. म्हणजे तिला आधी विचारलं असतं तरी महिन्याचे दीडशे वाचलेच असते! पासष्टी उलटलेल्या मास्तरला तिने काही न बोलता नापास केलं.

त्यानंतरही सनावळी थांबलेली नाही. दूरदर्शनने देशभरातली जवळजवळ सगळी जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद केली, २०२२ पर्यंत ते काम उरकलं. आता गच्चीवर अँटेना कुठेही वळवा, चित्र येणार नाही. नातू म्हणतो, "आजोबा, सगळं मोबाइलवर बघा, स्वस्त पडतं." मी त्याला म्हटलं, २०२३ मध्ये आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवली, २०२५ मध्ये तिथेही वर्गणी आली. ज्याला आज स्वस्त म्हणून घरात घेतो, त्याचंच उद्या बिल येतं. व्हीसीआरला पर्याय केबल, केबलला पर्याय छत्री, छत्रीला पर्याय मोबाइल. प्रत्येक पर्याय काही वर्षांत मूळ दुखणं होऊन बसतो.

म्हणून खर्च कमी करू नका असं नाही. जरूर करा. फक्त वायर कापण्याआधी, तिच्या दुसऱ्या टोकाला घरातलं कोण बसलंय ते बघा, आणि फॉर्म त्यांच्या हातात द्या.

असो. आता साडेसात वाजत आले. मालिका संपेल आणि फोन वाजेल. मी टीव्हीचा आवाज कमी करायला उठतो.