विवराच्या काठावरचा इतिहास

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली की जयंत विष्णु नारळीकर दिसतात. कथेचे शीर्षक होते ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात हा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो, हर्सूलच्या वर्गात आम्हीही तो सांगतो. मात्र त्याच कृष्णविवरांविषयी पुढे मुंबई-पुण्याच्या संशोधकांनी जे प्रत्यक्ष पाहिले, त्याचा इतिहास मराठीत फारसा आलाच नाही, ही उणीव आम्हांला गंभीर वाटते.

या उणिवेत शब्दाचाही वाटा असावा. ‘विवर’ म्हटले की बीळ, पोकळी, गिळंकृत करणारा अंधार डोळ्यांपुढे येतो आणि कल्पना तिथेच थांबते. निरीक्षकाचे लक्ष मात्र विवराच्या काठावर असते. आत ओढले जाणारे द्रव्य सरळ न पडता भोवती फिरत राहते, त्याची चकती बनते. घर्षणाने ती लाखो अंश तापते आणि क्ष-किरण फेकू लागते. अंधाराची ओळख पटते ती या झगमगाटावरून.

क्ष-किरण वातावरण भेदून जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून उपकरण वर न्यावे लागते. १९६२ साली रिकार्डो जिआकोनी यांच्या गटाने अग्निबाणातून सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरणस्रोत शोधला. त्याच दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादेहून बलून सोडून हे काम आरंभले. १९७५ च्या ‘आर्यभट्ट’वरही क्ष-किरणांचे उपकरण होते, पण काही दिवसांतच वीजपुरवठा बिघडला आणि प्रयोग थांबले.

खरा टप्पा आला तो मार्च १९९६ मध्ये. आयआरएस-पी३ हा उपग्रह मुळात पृथ्वीकडे पाहणारा. त्यावर टाटा संस्था आणि इस्रोचे बंगळूरचे उपग्रह केंद्र यांनी क्ष-किरणमापक बसवले होते. एखाद्या वाड्याच्या गच्चीवर भाडेकरूने दुर्बीण लावावी, तसाच हा मामला. या उपकरणाने जीआरएस १९१५+१०५ या स्रोताकडे पाहिले. सूर्याच्या सुमारे बारापट वस्तुमानाचे हे कृष्णविवर आपल्याच आकाशगंगेत आहे. विश्वजित पॉल, प्रल्हाद अग्रवाल, ए. आर. राव आदींना १९९७ मध्ये त्यातून ठेक्याने येणारे उद्रेक दिसले : तेज सावकाश चढे आणि झपकन उतरे. चकतीतले द्रव्य विवराच्या क्षितिजाआड नाहीसे होत असल्याचा हा पुरावा असू शकेल, असे त्यांनी १९९८ च्या निबंधात सुचवले. ‘असू शकेल’ हे शब्द आम्ही मुद्दाम जपून लिहितो, निबंधाच्या शीर्षकातच ती सावधगिरी आहे.

यानंतर दोन दशकांनी असाच ताल दीर्घिकांच्या गाभ्यातील महाकाय कृष्णविवरांपाशी सापडला. डिसेंबर २०१८ मध्ये जीएसएन ०६९ या दीर्घिकेतून सुमारे दर नऊ तासांनी येणारे उद्रेक जिओव्हानी मिनिउत्ती यांच्या गटाने टिपले. तो ताल का, यावर मते अनेक झाली. चकतीच मुळात अस्थिर असेल, किंवा एखादा तारा फिरता फिरता तिला पुन:पुन्हा भेदत असेल.

या वादात पुढचा साक्षीदार भारतीय होता. २८ सप्टेंबर २०१५ ला ‘ॲस्ट्रोसॅट’ सोडला गेला. त्याची मृदू क्ष-किरण दुर्बीण टाटा संस्थेत तयार झाली आणि त्याच्या वैज्ञानिक कामात पुण्याच्या आयुकाचा मोठा सहभाग राहिला. आयुकाचे संस्थापक-संचालक तेच, १९७४ चे ‘जगताप’. २०१९ मध्ये एका दीर्घिकेत कृष्णविवराने एक तारा फाडला, त्या घटनेला एटी २०१९क्यूआयझेड असे नाव आहे. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्रा वेधशाळेला तिथे क्ष-किरणांचा चढउतार दिसला. पुढे अन्य उपग्रहांसह ॲस्ट्रोसॅटनेही तो पाहिला आणि सुमारे ४८ तासांचा ताल स्पष्ट झाला. मॅट निकोल आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेला अर्थ असा : फाटलेल्या ताऱ्याच्या अवशेषांची चकती पसरत गेली आणि आधीपासूनच तिथे फिरणाऱ्या दुसऱ्या एका वस्तूच्या वाटेत आली. ती वस्तू प्रत्येक फेरीत दोनदा चकती भेदते.

जीआरएस १९१५ चा ठेका आणि हा ठेका एकच, असे म्हणण्याचा मोह होतो, तो आवरावा. तिथे सेकंदांचा खेळ, येथे दिवसांचा, आणि कारणेही वेगळी मानली जातात. शिवाय २०२५ मध्ये ‘ॲन्स्की’ नावाच्या स्रोतातून सुमारे साडेचार दिवसांच्या अंतराने येणारे उद्रेक जाहीर झाले. तिथे तारा फाडला गेल्याची खूणच आढळलेली नाही.

उरतो प्रश्न नावाचा. काही जण ‘स्फोट’ लिहितात. आम्ही ‘उद्रेक’ लिहितो. स्फोट होणारी वस्तू सहसा उरत नाही, येथे मात्र जे काही फिरते आहे ते ४८ तासांनी पुन्हा चकतीपाशी हजर होते.