भिंतीवरच्या रंगांची कूळकथा

मंडळी, दिवाळी जवळ आली की पूर्वी घरोघर चुना भिजत पडायचा. पोरंसोरं कुंचले घेऊन भिंतींना भिडायची. त्या भिंतीवर चढणाऱ्या रंगांची कूळकथा मोठी लांबची आहे. ती आज थोडक्यात पाहू.

प्रथम अजिंठ्याला जाऊ. तेथील बहुतेक चित्रे वाकाटकांच्या काळी, इसवी सनाच्या पाचव्या शतकात रंगली. तांबडा रंग गेरूचा, पिवळा पिवडीचा, काळा काजळीचा. सारे हाताशी मिळणारे. निळा तेवढा दूरचा. तो लाजवर्द दगडाचा, आणि हा दगड निघे आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणीत. असला रंग गरिबाच्या भिंतीला कुठला मिळायला?

गरिबाला मिळाली माती. गेरू म्हणजे लोखंडाच्या गंजाने तांबडी झालेली माती. जे आधीच गंजलं, त्याला ऊन आणखी काय करणार? म्हणून गेरू विटत नाही. पिवडी त्याच कुळातली. खरी मातीची पिवडी निखाऱ्यावर चांगली तापवली की तिच्यातलं पाणी उडतं आणि ती तांबडी होते. गुरुजींनी हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा.

पालघर, डहाणूकडच्या वारली घरांत कुडाच्या भिंतीला शेणमातीचा लेप, त्यावर गेरू, आणि लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. खिडक्या नसलेल्या त्या घरात तांबड्यावर पांढरी रेघ कशी उठून दिसते! थोडा उजेड आणि दोनच रंग, पण त्यांची जागा नेमकी. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगाला दाखवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता निळ्या रंगाचं पुढे काय झालं? फ्रान्समध्ये कृत्रिम लाजवर्दासाठी बक्षीस लागलं होतं. १८२८ साली ते गिमे या रसायनज्ञाला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक, कोळसा भट्टीत घालून जो रंग निघाला, तीच आपली कपड्यांची नीळ. राजाश्रयाचा रंग चिमटीत आला! बायाबापड्यांनी ती चुन्यात कालवली. चुन्याचा पिवळसरपणा लपला, भिंत लख्ख दिसू लागली. ही नीळ चुन्यात टिकतेही.

आमच्या वाडवडिलांनी भिंतीच्या पायाशी गेरूचा पट्टा ओढला आणि वर चुना दिला. त्यात विचार होता. खाली चिखलाचे शिंतोडे लपतात, वर पांढऱ्यावरून उजेड घरभर पसरतो. शिवाय चुना हवेतला कर्बवायू घेऊन दगडासारखा घट्ट होतो, तरीही भिंतीला श्वास घेऊ देतो.

हे शेवटचं ध्यानात ठेवा. आज शोभा म्हणून मातीच्या जुन्या भिंतीवर तेलरंग चढवतात. रंग चकाकतो, पण भिंतीतली ओल आत कोंडते. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात, भिंत आतून ठिसूळ होते, आणि दोष मात्र मातीला लागतो. सिमेंटच्या घराला हवा तो रंग द्या. मातीच्या घराला चुनाच सोसतो.

शिक्षक मित्रहो, गावात अशी जुनी घरं उरली असतील, तर मुलांना तिथे न्या. कोणता रंग कुठे आणि का दिला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत उतरवून घ्या. भिंत पडली की विचारायला कुणी उरत नाही.