चुलाण, बंब आणि सूर्य

नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळीं आपल्याकडे पाणी भरण्याची रीत आहे. हंडा किंवा बंब चिंचेनें घासून लख्ख करावयाचा, त्याला झेंडूची माळ घालावयाची आणि पहांटेच्या अभ्यंगस्नानासाठीं तो भरून ठेवावयाचा. आज शहरांतील पुष्कळ घरांत हंडा नाहीं आणि बंबही नाहीं. मग माळ घालावयाची तरी कशाला, असा प्रश्न पडतो. परंतु एके काळीं तें भांडें वर्षभर घराची सेवा करीत असे. त्याच्याखालीं जो अग्नि पेटे, तो कोणीं पेटविला, त्याला लांकूड किती लागलें आणि तें वांचविण्याची खटपट कोणीं कोणीं केली, हा इतिहास आज श्रोत्यांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे.

ऊन पाण्याची आणि ऊन खोलीची आवड आपल्या देशांत फार जुनी आहे. चरकसंहितेंत जेन्ताक नांवाच्या स्वेदगृहाचें वर्णन आहे. बौद्धांच्या विनयग्रंथांत भिक्षूंसाठीं जन्ताघर, म्हणजे शेगडी असलेलें उष्ण स्नानगृह, सांगितलें आहे. त्या घरांत धूर कोंडूं लागला, तेव्हां तो बाहेर नेण्यासाठीं धूमनेत्र ठेवण्याची अनुज्ञा देण्यांत आली. तिकडे रोमन लोकांनीं स्नानगृहाच्या फरशीखालीं पोकळी ठेवून तींतून तप्त हवा खेळविली होती. धूमनेत्राची गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण तिचा संबंध पुढें येणार आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं भिक्षूंच्या स्नानगृहास जें मिळालें, तें आमच्या घरच्या न्हाणीस माझ्या लहानपणीं नव्हतें.

माझें बालपण सह्याद्रीच्या पायथ्याशीं एका खेड्यांत गेलें. घराच्या मागील पडवींत न्हाणी होती. तींत दगडमातीचें चुलाण आणि त्यावर तांब्याचा मोठा हंडा. पहांटे चारच्या सुमारास माझी थोरली बहीण, आमची आक्का, उठत असे. गोवरीचा निखारा, तुरकाठ्या, मग जाड लांकूड, आणि हातांत फुंकणी. आम्ही भावंडें उठत असूं तेव्हां पाणी कढत झालेलें असे. विसणासाठीं गार पाण्याची घागरही तिनें जवळ भरून ठेविलेली असे. प्रथम वडील, मग काका, मग शाळेंत जाणारे आम्ही मुलगे, मग आई आणि शेवटीं आक्का. तिच्या वांट्यास येईपर्यंत हंड्यांत तळाचें कोमट पाणी उरे. चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली. घरांत पाण्याचें आणि सरपणाचें काम होतें, एवढेंच कारण तेव्हां कोणी सांगितलें असतें, आणि तें कोणाला वावगेंही वाटलें नसतें. मला तर मुळींच वाटलें नाहीं.

मी पुढें शिक्षक झालों. तेव्हां एकदां वर्गांत उष्णतेचा पाठ शिकवितांना हिशेब मांडला, तो येथें सांगतों. बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी हिवाळ्यांत २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवावयाचें तर ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लांकडांत सुमारें ३५०० किलोकॅलरी उष्णता असते. म्हणजे खरें पाहतां दीडशें ग्रॅम लांकडांत बादली तापावयास पाहिजे. परंतु उघड्या चुलीवर उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. बाकीची धुरांत, वाऱ्यांत व दगडांत जाते. त्यामुळें प्रत्येक बादलीस सुमारें दीड किलो लांकूड पडतें. सात माणसांच्या घरांत रोज दहा किलो! ही दहा किलोंची मोळी आक्का डोक्यावर आणीत असे आणि तिच्यांतील नऊ किलो निव्वळ धूर होऊन जात. फळ्यावर हें गणित सोडवितांना खडू माझ्या हातांत तसाच राहिला, हें मला आजही आठवतें.

या नऊ हिश्शांपैकीं कांहीं वांचविण्याची पहिली चांगली युक्ति आपल्याकडे बंबानें केली. बंबाच्या मधोमध उभें नळकांडें, त्याच्या तळाशीं जाळी, खालीं राख पडण्यास जागा, आणि नळकांड्याभोंवतीं पाणी. वरून लांकडाच्या ढलप्या किंवा कोळसा टाकला कीं विस्तव पाण्याच्या पोटांत पेटतो. हंड्याला विस्तव फक्त तळाशीं लागतो, येथें तो चोहोंकडून लागतो. शिवाय नळकांडें स्वतःच धुराड्याचें काम करतें. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत ठोक्याचे असे बंब घडविण्याची कला पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. परंतु तांब्याची किंमत खेड्यांतील सामान्य कुटुंबास परवडणारी नव्हती. आमच्या गांवीं बंब दोन घरांत होते आणि दोन्ही घरें पैसेवाल्यांचीं होतीं.

गरिबाच्या चुलीकडे लक्ष गेलें तें पुढें. १९४७ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींतून मगनचूल पुढें आली. हैदराबादच्या एस. पी. राजू यांनीं १९५३ सालीं निर्धूर स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. १९८३ पासून सरकारनें सुधारलेल्या चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हातीं घेतला व तो २००२ पर्यंत चालला. तत्त्व सर्वांचें एकच : विस्तव कोंडावा, हवा नेमकी द्यावी, भांडें ज्वाळेंत बसावें, धूर नळीनें बाहेर जावा. असें केल्यास दहाव्या हिश्शाऐवजीं पांचवा किंवा चौथा हिस्सा उष्णता कामीं येते, म्हणजे लांकूड निम्में किंवा त्याहून कमी लागतें.

आमच्या गांवींही अशी एक चूल आली. कोणाच्या खटपटीनें आली, हें आतां महत्त्वाचें नाहीं. पहिला महिना सर्वांनीं तिचें कौतुक केलें. मग नळी काजळीनें तुंबली, पावसांत नळीच्या भोंकांतून पाणी गळूं लागलें, आणि आमचा मोठा हंडा तिच्यावर मुळीं बसतच नव्हता. आक्कानें ती पाडून पुन्हां तीन दगड मांडले. त्या वेळीं मीं तिला अडाणी म्हटलें. हंड्याचा घेर किती, हें मोजण्यास तिच्याकडे कोणी आलें नव्हतें, हा विचार मला सुचला नाहीं.

आतां सूर्याकडे वळूं. १७६७ सालीं सोस्यूर नांवाच्या स्विस शास्त्रज्ञानें कांचेचीं तावदानें लावलेली पेटी उन्हांत ठेवून आंतील उष्णता पाणी उकळण्याच्या अंशापलीकडे नेली. आपल्याला अधिक जवळची गोष्ट मुंबईची आहे. तेथील हायकोर्टांत डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम ॲडम्स यांनीं कुलाब्यास सपाट आरसे अर्धवर्तुळांत मांडून, सूर्याच्या उष्णतेनें वाफ करून अडीच अश्वशक्तीचें यंत्र चालवून दाखविलें. उष्ण देशांत इंधनाऐवजीं सूर्याची उष्णता कशी वापरावी, यावर त्यांचें पुस्तक १८७८ सालीं मुंबईंतच प्रसिद्ध झालें.

पाणी तापविण्याच्या कामीं मात्र यश अमेरिकेंत आलें. १८९१ सालीं बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंपनें काळ्या रंगाच्या टांक्या कांचेच्या पेटींत ठेवून पेटंट घेतलें. त्यांत दोष एवढाच, कीं सायंकाळीं तापलेलें पाणी रात्रीं थंड होई. विल्यम बेलीनें १९०९ सालीं तो दोष काढला. त्यानें तापण्याची जागा व सांठविण्याची जागा वेगळी केली. कांचेखालच्या काळ्या नळ्यांत पाणी तापलें कीं हलकें होऊन वर चढतें. टांकी वर बसविलेली असल्यामुळें तें आपोआप टांकींत जातें आणि तळाचें गार पाणी नळ्यांत उतरतें. पंप नको, विस्तव नको. टांकीस उष्णतारोधक वेष्टण असल्यामुळें पहांटेही पाणी ऊन मिळतें. आज आपल्या गच्चीवर दिसणारें यंत्र मूळ तत्त्वानें हेंच आहे. इस्राएलनें तर १९८० सालीं नव्या निवासी इमारतींस असें यंत्र कायद्यानें सक्तीचें केलें.

पुन्हां हिशेब करूं. दोन चौरस मीटरांच्या यंत्रावर स्वच्छ दिवसाचें ऊन पडलें तर सुमारें १०० लिटर पाणी ६० अंशांच्या आसपास तापतें. विसण घातल्यावर पांच-सहा माणसांच्या अंघोळी त्यांत होतात. विजेनें करावयाचें तर एका युनिटांत ८६० किलोकॅलरी, म्हणजे बादलीस अर्ध्याहून थोडें अधिक युनिट लागतें. हवेंतील उष्णता ओढून पाण्यास देणारा उष्णता-पंप तेंच काम सुमारें तिसऱ्या हिश्शाच्या विजेंत करतो, परंतु त्याची किंमत मोठी आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें खेड्यांत गॅस पोहोंचला. तरी माझ्या पाहण्यांत तो भाजी-भाकरीसाठीं जपून वापरला जातो, आणि अंघोळीचा हंडा पुष्कळ घरीं अजून लांकडावरच आहे.

या धुराची किंमत लहान नाहीं. घरांतील धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें अकालीं दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आक्का आतां बहात्तर वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वीं तिला दम लागूं लागला, तेव्हां डॉक्टरांनीं विचारलें, "या विडी ओढीत होत्या काय?" मी शेजारीं उभा होतों. मला उत्तर देतां येईना.

निवृत्तीच्या पैशांतून मीं तिच्या घरावर सौर बंब बसविला आणि ऋण फिटलें अशा समाधानानें शहरांत परतलों. दिवाळींत गेलों, तों चुलाण पेटलेलेंच! मी रागावलों. आक्का म्हणाली, "अरे, तुझ्या त्या नळाला ऊन पाणी यायच्या आधीं अर्धी बादली गार पाणी वाहून जातें. इथें पाणी एक दिवसाआड येतें. तें फुकट सोडूं? आणि श्रावणांत ऊन कुठलें?" मीं पाहिलें, तर नळ यंत्रापासून चाळीस हात लांब, घराच्या दुसऱ्या टोकास काढलेला होता. तो तेथें असावा, हें मींच ठरविलें होतें. तिला विचारलें नव्हतें. जी चूक चुलीच्या वेळीं इतरांनीं केली, तीच मीं केली होती.

मग नळ न्हाणीजवळ आणला, नळीस वेष्टण घातलें. पावसाळ्यासाठीं जाळीचें व धुराड्याचें चुलाण बांधलें, तें हंड्याचा घेर मोजून आणि तिच्या देखरेखीखालीं. बोअरच्या पाण्यानें नळ्यांत क्षार सांचतात, म्हणून त्या वर्षांतून एकदां साफ कराव्या लागतात. हिंवाळ्यांत आणि उन्हाळ्यांत चुलाण आतां बंद असतें. आक्का सहा वाजतां उठते. दम पूर्णपणें गेलेला नाहीं. तो जाणारही नाहीं. हें साधन तीस वर्षांपूर्वींही मिळत होतें, आणि तेव्हां मी शहरांत बटण दाबून ऊन पाणी घेत होतों.

श्रोत्यांपैकीं अनेकांचें घर अजून गांवीं असेल. येत्या सणाला तेथें जाल तेव्हां पहांटे लवकर उठून न्हाणीकडे जावें आणि विस्तव कोण पेटवितें तें पाहावें. सौर बंब, सुधारलेलें चुलाण, वीज, यांपैकीं काय योग्य, हें ऊन, पाणी आणि ऐपत पाहून ठरवावें. परंतु ठरविण्यापूर्वीं त्या पेटविणारीला विचारावें. आणि त्या दिवशीं अंघोळीचें पहिलें पाणी तिला द्यावें. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.