आकाशातला तिसरा वर्ग

इंग्लंडच्या सरकारने १९५० साली व्लादिमिर राइट्झ नावाच्या एका तरुणाला विमान भाड्याने घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी दिली, ती मोठ्या चमत्कारिक अटीवर. वाटेल त्याला विमानात बसवावयाचे नाही. शिक्षक आणि तशाच पेशातली मंडळी असतील त्यांनाच न्यावयाचे! ही माणसे सरकारी विमान कंपनीचे तिकीट जन्मात काढणार नाहीत, तेव्हा त्यांना दुसऱ्या कोणी नेले तर आपले गिऱ्हाईक काही तुटत नाही, असा त्यामागचा हिशेब असावा. आम्हां मास्तर लोकांच्या दारिद्र्याची एवढी अधिकृत दखल दुसऱ्या कोणत्या सरकारने घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

राइट्झ हा रॉयटर वृत्तसंस्थेत काम करणारा, मूळचा मॉस्कोचा. मे महिन्यात त्याचे जुने डाकोटा विमान लंडनजवळच्या गॅटविकहून कॉर्सिका बेटावरच्या काल्वी गावी गेले. जाणे-येणे, तंबूतला मुक्काम आणि पोटभर जेवण मिळून भाडे ३२ पौंड १० शिलिंग. त्याच वेळी सरकारी कंपनीचे नुसते नीसपर्यंतचे परतीचे तिकीट होते ७० पौंडांचे. युरोपात आज जी स्वस्त विमाने भिरभिरत असतात, त्यांच्या वंशवृक्षाच्या मुळाशी हे तंबूतल्या मास्तरांचे विमान उभे आहे.

विमानाचे भाडे त्या काळी इतके जबर का होते, हे समजून घेतले पाहिजे. पेट्रोल महाग म्हणून नव्हे, की विमाने महाग म्हणूनही नव्हे. १९४५ साली हवाना येथे जगातल्या विमान कंपन्यांची आयाटा ही संघटना स्थापन झाली. कोणत्या मार्गाला किती भाडे घ्यावयाचे, हे तिच्या बैठकीत कंपन्याच आपसांत ठरवीत आणि सरकारे त्यावर शिक्का मारीत. दोन देशांमधल्या मार्गावर एका देशाची एक आणि दुसऱ्याची एक अशा दोनच कंपन्या. पुष्कळदा तर त्या झालेली कमाईही वाटून घेत. मग भाडे उतरवील कोण? ही शिस्त इतकी कडक, की १९५८ साली अटलांटिकवर स्वस्त वर्ग सुरू झाला तेव्हा त्यात साधे सँडविचच वाढावे, असे ठरले. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीने पावाच्या एका कापावर मांस, चीज आणि भाज्यांचा असा काही ढीग रचला की पॅन अमेरिकनने तक्रार गुदरली, आणि सँडविच कशास म्हणावे यावर मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी खल केला! पोटभर खायला घालणे हा ज्या धंद्यात गुन्हा ठरतो, तिथे प्रवाशाचे भले कोण पाहणार?

ही भिंत पाडण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रेडी लेकर या इंग्रजाने केला. परवानगीसाठी त्याने १९७१ साली अर्ज केला, आणि त्याची ‘स्कायट्रेन’ उडाली ती २६ सप्टेंबर १९७७ रोजी. लंडन ते न्यूयॉर्क, एकेरी भाडे ५९ पौंड. आगाऊ आरक्षण नाही. आगगाडीसारखे रांगेत उभे राहावयाचे आणि तिकीट काढावयाचे. जेवण हवे तर वेगळे पैसे मोजावयाचे. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. पण कर्ज, मंदी आणि मोठ्या कंपन्यांनी मुद्दाम उतरवलेली भाडी यांच्या कात्रीत तो सापडला, आणि ५ फेब्रुवारी १९८२ रोजी कंपनी बुडाली. ती वाचावी म्हणून सामान्य लोकांनी त्याला आपण होऊन पैसे पाठवले, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी. विमान कंपनीसाठी वर्गणी काढलेली कधी ऐकली आहे काय?

आता आपण आयर्लंडात येऊ. कारण खरी कथा तिथली आहे.

आपल्याकडे कोकणचा चाकरमानी जसा मुंबईस, तसा आयरिश माणूस पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी इंग्लंडात. डब्लिनहून लंडनला जावयाचे तर बोटीने समुद्र ओलांडून होलीहेडला उतरावयाचे आणि पुढे रातोरात आगगाडीने. विमान तासाभरात पोचवी. पण १९८० नंतरच्या त्या वर्षांत त्याचे साधे परतीचे तिकीट दोनशे पौंडांच्या वर होते. इमारतीवर विटा वाहणाऱ्या मजुराने, किंवा इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेने, आई अत्यवस्थ असल्याची तार आल्यावर काय करावे? बोट धरावी आणि पोचेपर्यंत देवाचे नाव घ्यावे. हे दोनशे पौंड टिकावेत म्हणून सरकारही कंबर कसून उभे होते. ठरलेल्या भाड्याहून कमी दराने तिकीट विकणाऱ्यास जबर दंड आणि तुरुंगवासही देण्याची तरतूद असलेले एक विधेयक १९८४ साली आयर्लंडच्या संसदेत आले. स्वस्त तिकीट विकले म्हणून तुरुंग! काही सभासदांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि ते पुढे रेटता आले नाही.

त्याच साली टोनी रायन या गृहस्थाने ‘रायनएअर’ ही कंपनी उभी केली. रायन हा इंजिन ड्रायव्हरचा मुलगा. सरकारी विमान कंपनीत नोकरी करून पुढे विमाने भाड्याने देण्याच्या धंद्यात गबर झालेला. जुलै १९८५ मध्ये त्याचे पंधरा आसनांचे चिमुकले विमान वॉटरफर्डहून गॅटविकला गेले. पुढल्या वर्षी डब्लिन ते ल्यूटन हा मार्ग मिळाला आणि त्याने परतीचे भाडे ९५ पौंडांच्या आत आणून ठेवले. निम्म्याहूनही कमी! दोन-तीन वर्षांतच डब्लिन-लंडन मार्गावरची रहदारी जवळजवळ दुप्पट झाली. हे नवे प्रवासी काही आकाशातून पडले नव्हते. त्यांना घर आधीही होते, आईबापही होते; नव्हते ते दोनशे पौंड.

कंपनी मात्र पैसे गमावीत राहिली. तेव्हा मायकेल ओलिअरी नावाच्या हिशेबनीसाला रायनने अमेरिकेस, टेक्सासमध्ये १९७१ साली उडू लागलेल्या ‘साउथवेस्ट’ कंपनीचा धंदा पाहावयास धाडले. तिथे तो जे शिकला ते आपल्या एस.टी.च्या कोणत्याही डेपो मॅनेजरला नवे वाटणार नाही. गाडी उभी राहिली की खर्च, धावली की कमाई. एकाच जातीची विमाने ठेवावीत, म्हणजे सुटे भाग एकच आणि वैमानिकांचे शिक्षणही एकच. विमान उतरल्यापासून पंचवीस मिनिटांत पुन्हा उडावे. आसनाची पाठ मागे कलणार नाही. आसनापुढची जाळीची पिशवीही काढून टाकावी, म्हणजे तीत कचरा साठत नाही आणि झाडण्याचा वेळ वाचतो. १९९४ साली ओलिअरी कंपनीचा मुख्य झाला.

तोवर युरोपचे कायदेही पालटत होते. १९८७, १९९० आणि १९९२ अशा तीन हप्त्यांत बंधने सैल होत गेली. १९९३ पासून भाडे ठरवणे कंपनीच्या मर्जीवर आले, आणि एप्रिल १९९७ पासून युरोपीय संघातल्या कोणत्याही कंपनीला संघातल्या कोणत्याही देशात, अगदी देशांतर्गत मार्गावरही, विमान चालवण्याची मुभा मिळाली. त्याआधीच, नोव्हेंबर १९९५ मध्ये, स्टेलिओस हाजी-इओआनू या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने दोन भाड्याच्या विमानांवर ‘ईझीजेट’ सुरू केली होती. ल्यूटन ते ग्लासगो भाडे २९ पौंड. जाहिरात अशी की जीन्सच्या विजारीच्या किमतीत प्रवास. दलालाला दलाली द्यावयाची नाही म्हणून तिकीटविक्रीचा टेलिफोन नंबर त्याने भल्यामोठ्या नारिंगी आकड्यांत विमानाच्या अंगावरच रंगवून टाकला होता.

१ मे २००४ रोजी पोलंड, हंगेरी आदी दहा देश युरोपीय संघात आले आणि पुरत्या तीन आठवड्यांच्या आत, १९ मे रोजी, ‘विझ एअर’चे पहिले विमान पोलंडमधल्या काटोविट्से येथून ल्यूटनला गेले. पोलिश सुतार, गवंडी, परिचारिका लाखांनी इंग्लंड-आयर्लंडला निघाल्या. बसने या प्रवासास दिवसाहून अधिक लागे. विमानाने दोन-अडीच तास. महिन्या-दोन महिन्यांनी बाप मुलांना भेटून जाऊ लागला. पण हीच सोय नसती तर तो गेला असता काय, हाही प्रश्न आहे. आईबाप परदेशी आणि मुले आजीपाशी, अशा मुलांसाठी पोलंडमध्ये थोड्याच वर्षांत ‘युरो-अनाथ’ असा शब्द रूढ झाला. स्वस्त विमानाने माणसे जवळ आणली असे म्हणावे, तर आधी दूर कोणी नेली?

आता या स्वस्ताईची दुसरी बाजू पाहू. दिव्याखालचा हा अंधार बराच दाट आहे.

पहिली गोष्ट, विमान उतरते कुठे? ‘फ्रँकफुर्ट-हान’ हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या घरात. अमेरिकन लष्कराने सोडून दिलेला तळ तो. ‘पॅरिस-बोव्हे’ पॅरिसपासून ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर. पुणे म्हणून तिकीट काढावे आणि साताऱ्यास उतरवावे, त्यातलाच प्रकार! बसचे भाडे आणि गेलेले दोन तास तिकिटात मिळवून पाहिले म्हणजे स्वस्ताई कितीतरी उतरते. या आडगावच्या विमानतळांना गिऱ्हाईक हवे म्हणून ते कंपन्यांना सवलती देतात, आणि तो पैसा पुष्कळदा करदात्याचा असतो. बेल्जममधल्या शार्लरुआच्या सवलतींवरून युरोपीय आयोगाने २००४ साली रायनएअरविरुद्ध निकाल दिला. २००८ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. हानचा विमानतळ चालवणाऱ्या संस्थेने मात्र २०२१ मध्ये दिवाळे काढले.

दुसरी गोष्ट, तिकिटाची किंमत म्हणजे प्रवासाची किंमत नव्हे. रायनएअरने २००६ पासून विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाला वेगळे पैसे लावले. नोव्हेंबर २०१८ पासून हातातली चाकांची पेटीही फुकट राहिली नाही. हल्ली अशा कंपन्यांच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा अशा वरकड आकारणीतून येतो. स्वच्छतागृहास एक पौंडाचे नाणे लावण्याची भाषा ओलिअरीने २००९ साली केली होती. ते प्रत्यक्षात आले नाही, पण फुकट जाहिरात मात्र जगभर झाली. हातातले माफक सामान प्रवासास आवश्यक असल्याने त्यास वेगळा आकार नको, असे युरोपीय न्यायालयाने २०१४ साली म्हटले होते. तरी ‘माफक’ म्हणजे किती, हा वाद चालूच राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पेनच्या सरकारने पाच कंपन्यांना मिळून १७९ दशलक्ष युरोंचा दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले.

माझा एक जुना विद्यार्थी नेदरलंड्समध्ये नोकरीस आहे. दोन वर्षांमागे त्याचे आईवडील तिकडे गेले असता त्याने त्यांना इटली दाखवावयास नेले. तिघांची तिकिटे मिळून इथल्या कोण्या हॉटेलातल्या जेवणाइतकी! दारावर लोखंडी चौकट ठेवलेली होती; पिशवी तीत बसली पाहिजे. वडिलांची बसली. आईच्या पिशवीत फराळाचा स्टीलचा डबा. तो काही केल्या दबेना. दंड तिकिटाहून जास्त. तेव्हा माउलीने डबा उघडून निम्मे लाडू रांगेतल्या अनोळखी लोकांना वाटले, चकल्या कोटाच्या खिशांत भरल्या आणि रिकामा डबा पोरग्याच्या डोक्यावर टोपीसारखा धरून विचारले, “आता हा सामान की टोपी?” म्हणे दारावरची मुलगीही हसली. दंड माफ झाला की नाही हे मी मुद्दाम विचारले, झाला नाही.

तिसरी गोष्ट चाकरांची. शार्लरुआला राहून काम करणाऱ्या सेवकांची करारपत्रे आयरिश कायद्याची, आणि भांडण झाले तर आयर्लंडला जाऊन दाद मागा, हा न्याय बरीच वर्षे चालला. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की माणूस जिथून काम करतो तिथल्या न्यायालयातही त्याला जाता येईल. त्याच महिन्यात वैमानिकांच्या रजांचा घोळ होऊन रायनएअरला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. कामगार संघटनांस दारात उभे न करणारी ही कंपनी त्या डिसेंबरात त्यांच्याशी बोलणी करावयास राजी झाली.

आणि हवेचे काय? आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर सहसा कर नाही, ही १९४४ च्या शिकागो कराराच्या काळापासूनची रूढी. आगगाडी कर भरते आणि विमान भरत नाही, मग आगगाडी महाग दिसली तर नवल काय? फ्रान्सने २०२३ पासून, अडीच तासांच्या आत आगगाडीने जाता येते अशा काही मोजक्या देशांतर्गत मार्गांवर विमान बंद केले. मार्ग इतके थोडे की नियमापेक्षा त्याची बातमीच मोठी झाली.

एवढे सगळे ऐकून वाचक म्हणतील, मग बसावे की बसू नये? माझे मत बसावे असेच आहे, पण डोळे उघडे ठेवून. सुरक्षिततेची भीती अनाठायी आहे. रायनएअर किंवा ईझीजेट यांचे विमान कोसळून आजवर एकही प्रवासी दगावलेला नाही. नाव पासपोर्टात असेल अक्षरशः तसेच लिहावे. आपल्याकडे वडिलांचे, नवऱ्याचे नाव मधे घालण्याची रीत, त्यामुळे घोटाळा होतो आणि दुरुस्तीस पैसे पडतात. युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांना काही कंपन्यांत आधी खिडकीवर कागद तपासून शिक्का घ्यावा लागतो, त्याची रांग वेगळी. दोन वेगळ्या तिकिटांवर पुढले विमान गाठावयाचे असेल तर मधे भरपूर वेळ राखावा. पहिले उशिरा आले म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही.

आणि एक कायदा माहीत असावा. फेब्रुवारी २००५ पासून लागू झालेल्या युरोपीय नियमाने, कंपनीच्या दोषामुळे विमान रद्द झाले तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई ठरवली. तीन तासांहून अधिक उशिरालाही ती लागू असल्याचे न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले. तिकीट वीस युरोंचे असले तरी भरपाई तेवढीच, आणि प्रवासी भारतीय असला तरी. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीने युरोपचे आकाश बंद केले, तेव्हा अडकलेल्यांच्या जेवणाचा आणि मुक्कामाचा खर्च तिकिटाच्या रकमेपुरताच देऊ, असे ओलिअरी प्रथम म्हणाला. दुसऱ्याच दिवशी कंपनीला शब्द फिरवावा लागला.

मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात रायनएअरने २० कोटी प्रवासी नेले. तिचे पहिले पंधरा आसनी विमान जिथून उडाले, त्या वॉटरफर्डची शेवटची नियमित प्रवासी सेवा २०१६ साली बंद पडली. तिथल्या लोकांना लंडनला जावयाचे झाले की ते मोटारीने डब्लिन नाहीतर कॉर्क गाठू लागले.