उंबरठा आणि फड : चित्रपटातील कौटुंबिक हिंसाचार, जात आणि ‘सांगणारी’ स्त्री

भारतीय स्त्रीच्या छळाविषयी २००५ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. त्यांपैकी एक संसदेने केला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा हा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळाचाही हिंसेच्या व्याख्येत त्याने समावेश केला. दुसरा कायदा रायपूर येथे, छत्तीसगढ राज्याच्या विधानसभेत संमत झाला. तो म्हणजे ‘छत्तीसगढ टोनही प्रताडना निवारण अधिनियम’. एखाद्या व्यक्तीला टोनही, म्हणजे चेटकीण, ठरविणे हाच त्याने अपराध मानला. पहिला कायदा साऱ्या देशात चर्चिला गेला. दुसऱ्याचे नावही छत्तीसगढाबाहेर फारसे कोणी ऐकलेले नाही. वस्तुतः टोनही ठरविल्या जाणाऱ्या स्त्रीचा छळ पुष्कळदा भाऊबंदकीतून, विधवेच्या वाट्याच्या जमिनीवरून, म्हणजे घरातूनच सुरू होतो. तरीही एक ‘कौटुंबिक हिंसाचार’ ठरतो आणि दुसरी ‘अंधश्रद्धा’. असे का व्हावे?

हा प्रश्न केवळ विधिशास्त्राचा नाही. कोणत्या स्त्रीच्या अंगावरचा वळ समाजाला वळ म्हणून दिसतो, हे कायद्याच्या कितीतरी आधी कथा, नाटक आणि चित्रपट ठरवीत असतात. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, मराठी चित्रपटाने घरातील हिंसेला फार लवकर आणि धैर्याने पडद्यावर आणले. परंतु ज्या घराला ‘घर’ म्हणून प्रतिष्ठा होती, त्याच घरातील हिंसा त्याला प्रामुख्याने हिंसा म्हणून दिसली. ज्या स्त्रीच्या घराला तशी प्रतिष्ठा नव्हती, तिचे दुःख तिच्या चारित्र्याची किंवा तिच्या ‘समाजाच्या चालीरीतींची’ बाब ठरले. येथे ‘उंबरठा’ हे पहिल्या स्त्रीचे आणि ‘फड’ हे दुसऱ्या स्त्रीचे स्थान म्हणून योजले आहे.

१. ‘कुंकू’ : सुटकेची एकच वाट

पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ १९३७ साली प्रदर्शित झाला. ‘दुनिया न माने’ ही त्याची हिंदी आवृत्ती. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला असून दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते. पैशाच्या लोभाने वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा (शांता आपटे) त्याला पती मानण्याचे नाकारते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने बडवते. सावत्र मुलगी चित्रा (शकुंतला परांजपे) तिच्या बाजूने उभी राहते. पार्श्वसंगीत टाळून घरातल्या नैसर्गिक आवाजांवर, विशेषतः घड्याळाच्या टिकटिकीवर, चित्रपटाने जो भर दिला आहे, त्यामुळे घर हाच तुरुंग असल्याची जाणीव प्रेक्षकाच्या कानांतूनच होते.

या कथेच्या शेवटाकडे आजवरच्या समीक्षेने मुख्यतः नैतिक दृष्टीने पाहिले आहे. काकासाहेबांना (केशवराव दाते) आपली चूक कळते आणि ते आत्महत्या करून नीरेची वाट मोकळी करतात. परंतु या शेवटाला विधिविषयक पार्श्वभूमीही आहे. १९३७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला घटस्फोट उपलब्धच नव्हता. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आला. तेव्हा नवऱ्याच्या मृत्यूखेरीज नीरेच्या सुटकेला दुसरी वाट कथाकाराजवळ नव्हती.

येथे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. त्याच काळात महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड रूढ होती, पाटाचे लग्न रूढ होते. छत्तीसगढातील अनेक समाजांतही चूडी घालून दुसरा घरोबा करण्याची चाल प्रचलित होती. म्हणजे नीरेची कोंडी ही ‘हिंदू स्त्रीची’ नव्हे, तर विशिष्ट जातींतील स्त्रीची कोंडी होती. पण पडद्यावर ती सर्व स्त्रियांची प्रातिनिधिक कोंडी बनली. उलट, ज्या स्त्रियांना बाहेर पडण्याची थोडीफार मुभा होती, त्यांची ती मुभा प्रतिष्ठितांच्या लेखी सैलपणाचे लक्षण ठरली. काडीमोड घेणाऱ्या स्त्रीलाही मार बसत होता, तिच्याही श्रमाची कमाई काढून घेतली जात होती. मात्र ती ‘बळी’ म्हणून कल्पिली जाणे अवघड झाले. कारण बळी ठरण्यासाठीही आधी कुलवती असावे लागते.

२. ‘सांगत्ये ऐका’ ते ‘भूमिका’ : कमावणारी बायको

या कल्पनेला मराठीत पहिला मोठा तडा दिला तो एका अभिनेत्रीने, आणि तोही पडद्यावर नव्हे, तर कागदावर. हंसा वाडकर (१९२३–१९७१), मूळच्या रतन साळगावकर, या कलावंतिणींच्या परंपरेतील घराण्यात जन्मल्या. घरच्या गरजेपोटी बालवयातच त्या चित्रपटात आल्या. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) यांनी त्यांना कीर्ती दिली. यांतील दुसरा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. गावच्या पाटलाचे जुने दुष्कृत्य तमाशाच्या फडावरून गावासमोर उघडे करणे, हा त्या कथेचा गाभा. आपल्या आत्मकथनासाठी हंसाबाईंनी याच चित्रपटाचे नाव घेतले, हा योगायोग नव्हे. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले हे कथन ‘माणूस’मध्ये आणि नंतर १९७० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ‘सांगत्ये, ऐका’ हा फडावरच्या स्त्रीने श्रोत्यांना दिलेला आदेश आहे. त्यात याचना नाही.

या आत्मकथनातील घर मध्यमवर्गीय कादंबरीतील घरापेक्षा निराळे आहे. येथे बायको कमावते आणि तिची कमाई दुसऱ्यांच्या हाती जाते. तिने काम करावे अशी सक्ती आहे, आणि काम करते म्हणून तिच्यावर संशयही आहे. तिला संसार हवा आहे. तिच्या संसाराला तिची मिळकत हवी आहे. २००५ च्या कायद्याने ज्याला ‘आर्थिक छळ’ म्हटले, त्याचे सविस्तर वर्णन मराठीत पस्तीस वर्षे आधीच छापले गेले होते. तेव्हा त्याला नाव नव्हते, एवढेच.

या आत्मकथनाच्या आधारे श्याम बेनेगल यांनी १९७७ साली ‘भूमिका’ निर्माण केला. उषेच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेलाही (गिरीश कर्नाड, सत्यदेव दुबे, श्याम बेनेगल) तोच मान लाभला. केशव दळवी (अमोल पालेकर) हा पती आणि व्यवस्थापक अशा दुहेरी नात्याने उषेच्या देहावर, वेळेवर आणि पैशावर ताबा ठेवतो. विनायक काळे (अमरीश पुरी) तिला सन्मानाने वाड्यात आणतो आणि वाड्याबाहेर पाऊल टाकण्यास मनाई करतो. एका घरात तिला बाहेर ढकलले जाते, दुसऱ्यात आत कोंडले जाते. हिंसेची ही दोन रूपे एकाच व्यवस्थेची आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारा दुसरा भारतीय चित्रपट सांगणे कठीण आहे.

तथापि माध्यमांतरात काहीतरी गळले आहे, आणि ते घटनांपेक्षा स्वराच्या पातळीवर गळले आहे. आत्मकथनात सांगणारी ती आहे आणि ऐकणारे आपण. चित्रपटात ती आठवते आणि आपण तिच्याकडे पाहतो. हंसाबाईंच्या कथनातील फटकळपणा, स्वतःच्या चुकांचा रोखठोक कबुलीजबाब आणि मधूनच चमकणारा विनोद यांची जागा स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावरील अंतर्मुख वेदनेने घेतली आहे. ही वेदना उत्कट आहे यात शंका नाही. पण ती सुशिक्षित प्रेक्षकाला आपली वाटावी अशा भाषेत बोलते. फडावरची स्त्री उंबरठ्याच्या आत घेतली गेली. तिला सहानुभूती मिळाली, आणि त्या सहानुभूतीची किंमत म्हणून तिचा आवाज खाली आला.

जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२) हीच रचना वेगळ्या तऱ्हेने दिसते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरील या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. सुलभा महाजनवर कोणी हात उगारत नाही. तिची घुसमट सभ्य घराच्या सभ्य नकारातून येते. उघडी, अंगावर येणारी हिंसा आहे ती महिलाश्रमातील स्त्रियांच्या वाट्याला. त्यांच्यापर्यंत आपण सुलभेच्या नजरेतूनच पोहोचतो. घर सोडून जाणारी स्त्री ही कथेची नायिका; ज्यांना घरच उरले नाही, त्या कथेची पार्श्वभूमी.

३. राणीचा चेहरा : रायपूरहून पाहताना

रायपूरमध्ये अध्यापन करताना या विवेचनाला एक अनपेक्षित धागा मिळाला. ‘भूमिका’ पाहून झाल्यावर एका विद्यार्थिनीने सहज म्हटले, “ही तर आमच्या चरणदास चोरची राणी!” वाक्य साधे होते, पण विचाराला चालना देणारे होते. स्मिता पाटील यांचा पहिला कथापट ‘चरणदास चोर’ (१९७५) हाच होय. तोही बेनेगल यांचा. आणि त्याचा आधार रायपुरात जन्मलेल्या हबीब तनवीर यांचे नाट्यकार्य. विजयदान देथा यांच्या कथेला तनवीरांनी छत्तीसगढी बोली आणि नाचाच्या परंपरेतील कलावंत यांच्या साहाय्याने रूप दिले. रंगभूमीवर राणीची भूमिका गाजविली ती देवार समाजातील फिदाबाईंनी. चित्रपटात ती स्मिता पाटील यांच्याकडे आली.

यात कोणावर दोषारोप करण्याचा हेतू नाही. स्मिता पाटील तेव्हा नवोदित होत्या आणि बेनेगल यांनी छत्तीसगढी नटसंच मोठ्या आदराने वापरला. पण तुलनाकाराने हे लक्षात घ्यावयास हवे की, ज्या समाजातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या गात-नाचत आल्या, त्यांची कथा चित्रपटापर्यंत पोहोचताना चेहरा बदलतो. ‘चरणदास चोर’ आणि ‘भूमिका’ यांच्यामध्ये दोनच वर्षांचे अंतर आहे. देवार स्त्रीची राणी आणि कलावंतीण घराण्यातील स्त्रीचे आयुष्य या दोन्हींना एकाच प्रतिभावान, शहरी, सुशिक्षित अभिनेत्रीचा चेहरा मिळाला.

छत्तीसगढच्या स्वतःच्या चित्रपटाचा आरंभच जातीच्या प्रश्नापासून झाला, हेही येथे नोंदवावेसे वाटते. मनु नायक यांचा ‘कहि देबे संदेस’ (१९६५) हा पहिला छत्तीसगढी चित्रपट आंतरजातीय प्रेमाविषयी होता आणि त्याला विरोधही झाला. मात्र लग्न होईपर्यंतचा अडसर हा त्याचा विषय. लग्नानंतरच्या घराचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. तो प्रश्न पुढे मराठीत नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’मध्ये (२०१६) उपस्थित केला. हैदराबादेत संसार थाटल्यावर परशा संशयाने आर्चीवर हात उगारतो. जातीविरुद्ध बंड करणारा प्रियकर नवरा होताच पुरुषसत्तेचा वारसदार होतो, हे दाखविण्याचे धाडस त्या चित्रपटाने केले. पुढे आर्चीच्या माहेरचे लोक जातीच्या नावाने जे करतात, त्याच्या आधी ही थप्पड येते. जात आणि घर ही हिंसेची दोन वेगळी केंद्रे नाहीत, असे हा क्रमच सुचवितो.

४. वर्ण आणि जात

पाश्चात्त्य समाजातील आशियाई स्त्रीच्या संदर्भात हाच प्रश्न वंशाच्या रूपाने येतो. किरणजित अहलुवालिया यांनी दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ साली पतीला जाळले. त्यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली, आणि ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संघटनेने चालविलेल्या लढ्यानंतर १९९२ साली त्यांची सुटका झाली. या घटनेवर जगमोहन मुंदडा यांनी ‘प्रोव्होक्ड’ (२००६) काढला. प्रमुख भूमिकेत ऐश्वर्या राय होत्या. अशा स्त्रियांना ब्रिटनमध्ये दुहेरी अडथळा होता. घरात बोलण्याची सोय नव्हती, आणि घराबाहेर बोलले तर ‘त्यांच्या संस्कृतीत असेच असते’ हे उत्तर तयार होते.

हे उत्तर आपल्याला अपरिचित आहे काय? ‘त्यांच्यात असेच चालते’ हे वाक्य महाराष्ट्रात आणि छत्तीसगढात कोणत्या स्त्रियांविषयी उच्चारले जाते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. वंश आणि जात या संकल्पना एक नव्हेत. परंतु हिंसेला ‘संस्कृती’ म्हणून खपविण्याचे जे कार्य तेथे वंश करतो, तेच येथे जात करते. टोनही ठरविलेल्या स्त्रीचा छळ ‘अंधश्रद्धा’ या एकाच सदरात घातला की, तिच्या जमिनीवर डोळा ठेवणारा दीर दिसेनासा होतो आणि केवळ ‘मागासलेला समाज’ दिसू लागतो. मुख्य प्रवाहाच्या चित्रपटात चेटकीण ही बहुधा भयाची सामग्री असते. घरात छळली गेलेली स्त्री म्हणून ती क्वचितच अवतरते.

समारोप

‘कुंकू’पासून ‘सैराट’पर्यंतचा प्रवास हा घरातील हिंसा उत्तरोत्तर स्पष्ट दिसू लागण्याचा इतिहास आहे, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दिसणे आणि ऐकू येणे यांत अंतर आहे. हंसा वाडकरांनी आपल्या कथनाचे नाव ठेवताना पाहण्याची नव्हे, ऐकण्याची आज्ञा केली होती. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी आत्मकथन आणि चित्रपट, रंगभूमीवरील राणी आणि पडद्यावरील राणी, संसदेचा कायदा आणि रायपूरचा कायदा यांना शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर मधल्या जागेत काही स्त्रिया उभ्या असलेल्या आढळतील. त्यांच्यासाठी नवी सहानुभूती शोधण्याची आवश्यकता नाही. त्या बोलत आल्या आहेत. आपण कोणत्या घरांना घर मानतो, एवढेच तपासावयाचे आहे.